टेस्टिंगसाठी भरलेलं नाव

"तीनशे बारा नंबरचं खातं," टीमच्या प्रमुख प्राची मॅडम फोनवर म्हणाल्या. "त्या मुलीचा पत्ता सिस्टिममध्ये अडकला होता, तो मी सोडवलाय. बारा वाजता ओतूरच्या स्थळाला आपोआप जाईल. सुट्टीवरून आलास की तेवढं तपासून ठेव."

"हो मॅडम," रत्नदीप म्हणाला, आणि घोडेगावातल्या आपल्या अंगणात कपबशी हातात धरून तसाच उभा राहिला.

तीनशे बारा नंबर त्याला तोंडपाठ होता. ते खातं त्यानंच भरलं होतं आणि त्यातली मुलगी त्याची सख्खी थोरली बहीण होती, अंजना.

रत्नदीप पुण्यात एका लग्न जुळवणाऱ्या वेबसाइटच्या मेंटेनन्स टीममध्ये होता. दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेला कोड दुरुस्त करायचा, आणि दुरुस्ती चालते का हे बघायला एखादं खातं भरायचं. टेस्टिंगची मशीन वेगळी होती म्हणे, पण ती कायम बंद. मग सगळे बिनधास्त चालू साइटवरच नावं भरायचे. खोटा पत्ता, खोटा पिनकोड फॉर्म घेत नसे, म्हणून ज्याच्या त्याच्या घरातली माणसं त्यात जायची. काम झालं की खोडायचं. दोन वर्षांपूर्वी रत्नदीपनं नाव घातलं, पत्ता घातला, अंजनाला कधीकाळी काढून दिलेला ई-मेल घातला, आणि खोडायचं साफ विसरला. गेल्या महिन्यात साहेबांनी दम भरला, चालू साइटवर खोटी नावं सापडली तर घरी बसाल. तेव्हाही गड्याला आठवलं नाही.

नोकरीचं एकवेळ चाललं असतं. अंजनाचं काय?

सात वेळा पावणे आले होते तिला बघायला. आठव्यांनी पोह्यांच्या बशा रिकाम्या केल्या आणि म्हणाले, पोरीला जरा चालून दाखवायला सांगा. तिचा डावा पाय किंचित ओढायचा. अंजना उठली, चार पावलं चालली, आणि सगळ्यांदेखत बापाला म्हणाली, "आबा, ह्यापुढं कुणी मला बघायला आणलं, तर मी या घरात ऱ्हाणार न्हाई." त्याला दोन वर्षं झाली. तिची जबान म्हणजे जबान. घरात लग्नाचा शब्द कुणी काढत नव्हतं. आणि आता भावानंच तिला बाजारात मांडल्यासारखं झालं होतं.

"कुठं निघाला रं?" त्याच्या वडिलांनी, भागुजींनी विचारलं.

"नेट कॅफेत, आबा. हापिसचं अर्जंट हाय."

"लाईट साडेअकराला जाती आज."

पोचला तेव्हा अकराला पाच कमी होते. अंजनाचं टायपिंगचं दुकान तहसील कचेरीसमोर, म्हणून तो मागच्या गल्लीनं आला. कॅफेवाला समाधान काउंटरवर होता.

"जयभीम, इंजिनेर! घाम कशाचा एवढा?"

"मशीन दे राव पटकन."

साइट उघडायला दहा मिनिटं लागली. त्यानं पासवर्ड टाकला, चुकीचा म्हणे. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. च्यायला, दोन वर्षांत पासवर्ड पण विसरलो, असं पुटपुटत तो टीमच्या मागच्या दारानं आत शिरला. त्या दारानं कुठलंही खातं उघडता यायचं.

तीनशे बारा. खातं शेवटचं उघडलं, शुक्रवारी. टीममधला ऋषी चाळत बसला असणार, दुसरं काय! पत्रं, एक्केचाळीस. त्याला शिसारी आली. ह्या लोकांना दुसरे उद्योग नाहीत का? वाचायला वेळही नव्हता आणि इच्छाही नव्हती. घड्याळात अकरा वीस झाले होते.

त्यानं खातं खोडायचं बटण दाबलं. साइटनं कारण विचारलं. त्यानं यादीतलं 'खोटी माहिती' निवडलं. अशानं पत्रं लिहिणाऱ्यालाही आपोआप सूचना जायची, की हे नाव बनावट आहे, संपर्क ठेवू नका. उत्तम! म्हणजे पावणे पत्ता शोधत यायलाही नकोत.

पांढरं चक्र फिरत राहिलं. अकरा चोवीस. अकरा सव्वीस. मग अक्षरं उमटली: खातं व पत्रं कायमची काढली. एका सभासदाला सूचना पाठवली.

सुटलो बुवा! त्यानं खुर्चीत पाठ टेकली. लई बरं वाटत होतं.

"समाधानभाऊ, पाच मिनिटं दे रं, लाईट जायच्या आत," दारातून आवाज आला.

अंजना होती. त्याला बघून दचकली, मग पदर सावरत शेजारच्या खुर्चीवर बसली.

"तू हितं? बरं झालं. तुलाच सांगायचं व्हतं, पण आबांसमोर जीभ उचलंना."

"काय गं ताई?"

"तू माझं नाव घातलंस ना त्या साइटवर, न विचारता? पयलं पत्र आलं तवा वाटलं, येऊ दे घरी, चपलेनंच हाणते." ती हळू बोलत होती, पण डोळे हसत होते. "मग पासवर्ड बदलला आन् दोन ओळी लिवल्या. पायाचं मीच आधी सांगितलं, उगं नंतर नको. तर म्हणतो कसा, चालून दाखवू नका, मी बोलायला येतो. ओतूरला मास्तर हाय. सा महिने झालं लिवतोय. ह्या रविवारी मीच बोलावलंय त्याला, पत्ता बी धाडलाय."



अंजना मशीनकडे वळली. टायपिस्टची बोटं ती, न बघता भराभर चालली. थांबली. पुन्हा चालली, पुन्हा थांबली.

"रत्ना, बघ रं जरा," ती हसतच म्हणाली, "मशीन म्हणतंय, अशी कुणी न्हाईच."