बंदराची नोकरी

"बंदराच्या कंपनीने मला नोकरी देऊ केलीय," हर्षला म्हणाली. "गावोगाव फिरून लोकांना प्रकल्प पटवून द्यायचा. आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय."

कोळंबी सोलणाऱ्या आईने मान वर केली नाही. याच बंदराविरुद्ध मायलेकी ट्रकसमोर आडव्या पडल्या होत्या, एकाच पोलीसगाडीतून ठाण्यात गेल्या होत्या. अंगावर खटला असल्यामुळे शिकूनसवरूनही हर्षलाला कुणी काम देत नव्हतं. नवऱ्याची होडी विकून झाली होती, आणि तो सकाळीच "हो म्हणून टाक" म्हणाला होता.

आई ओरडेल म्हणून तिने माहेरी येताना वाटेत उत्तरं जुळवून ठेवली होती. पण आई म्हणाली, "घे बाय."

"घे? तू सांगतेस हे?"

"पोर तुझी, चूल तुझी. नको म्हणायला माझं काय जातंय?"

हर्षला उठून दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. आईने नको म्हणावं म्हणूनच आपण आलो होतो, हे तिला तेव्हा कळलं. आता ते आपल्यालाच म्हणावं लागणार होतं. तिने कंपनीला फोन लावला. "मला नाही जमणार," एवढंच बोलून तिने तो ठेवला.

वाटलं होतं, सुटल्यासारखं होईल. तसं काही झालं नाही. घरी काय सांगायचं, तेच डोक्यात घोळू लागलं.

आईने हात धुतले, पदराला पुसले आणि चपला पायात सरकवल्या.

"चल," ती म्हणाली, "जावयाला आपण दोघी मिळून सांगू."