वांग्याचा चुलतभाऊ

"मॅडम, वांग्यात निकोटिन असतं, तर मला वांग्याचं व्यसन लागेल का?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून मी भर वर्गात उठून विचारलं. वाटलं, आता वर्गाबाहेर! पण रसायनशास्त्राच्या मॅडमचे डोळेच चमकले. "असतं ना! निकोटिन हे अल्कलॉइड. कीड लागू नये म्हणून झाड स्वतःच ते तयार करतं. वांगं, टोमॅटो, बटाटा, तंबाखू, सगळी चुलत भावंडं. फक्त वांग्यात ते इतकं कमी, की एका सिगारेटची बरोबरी करायला टोपलीभर वांगी खावी लागतील."

मी तर हवेतच! घरी आले आणि दप्तरही न उतरवता आईबाबांना सगळं धडाधडा सांगून टाकलं. कालच डॉक्टरांनी बाबांना सिगारेट बंद करायची तंबी दिली होती. दवाखान्याच्या पायरीवरच त्यांनी एक पेटवली, म्हणून आईनं अबोला धरलेला. बाबांना आयतंच सापडलं. खोकत खोकतच ते आईला म्हणाले, "ऐकलंस? तुझी लेक वांगी खाते, मी सिगारेट ओढतो. दोन्ही एकच!"

विळीवर वांगी चिरणाऱ्या आईचा हात थांबला.

"खरंच एकच ना, बाबा?" मी विचारलं.

"अगं, अगदी एकच!"

मी त्यांच्या खिशातलं सिगारेटचं पाकीट आणि लायटर काढून घेतलं, आणि आईसमोरचं वांग्यांचं ताट उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"मग ठरलं! आजपासून अदलाबदल. वांगी तुम्ही खा, सिगारेट मी ओढते."