आठ मिनिटं

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. आडरानातल्या वस्तीवर वाढलेला, त्यामुळे आमच्या दाराशी चपलांपेक्षा दोर, बॅटऱ्या आणि पाण्याचे कॅनच जास्त. वर एक घडीचं स्ट्रेचर. "युद्धावर निघालायस का?" म्हणून मी त्याची थट्टा करायचे.

परवा दुपारी ओट्याशी उभी असताना मला घेरी आली. त्याने फोन करून, मला सावरून स्ट्रेचर उलगडेपर्यंत खाली रुग्णवाहिका येऊन उभीसुद्धा राहिली.

"साखर उतरली होती, घाबरण्यासारखं काही नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तरी हा हॉस्पिटलच्या बाकावर बसून ढसाढसा रडत होता.

"अरे, मी बरी आहे ना!"

"आठच मिनिटं लागली गं त्यांना यायला," तो म्हणाला. "आईला साप चावला, तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. बाबा आणि काका तिला खाटेवर घालून डोंगरातून चालत निघाले, मी तिचा हात धरून. ती सारखी विचारायची, 'आला का रे दवाखाना?' मी म्हणायचो, 'आलाच.'"

त्याने माझा हात हातात घेतला.

"शेवटच्या चढावर तिने विचारणं थांबवलं. तरी मी 'आलाच, आलाच' म्हणत राहिलो."