पडद्याची उलटी बाजू

"ते तिसरं रीळ आज लावू नका, चांदभाई," गहिनीनाथ म्हणाला.

चांदभाई तंबूचा दोर खुंटीला आवळत होता. तो हसला. "मास्तर, त्याच रिळात तर तुमी चालता. तेच काढलं तर पब्लिक माझा तंबू जाळंल."

पुणतांब्याच्या जत्रेत चांदभाईची टुरिंग टॉकीज आली होती. बोलपट जुना, विनोदी. त्यातले नायक-नायिका लोक विसरले होते, पण लंगडा आचारी कुणी विसरलं नव्हतं. खांद्यावर बासुंदीचं पातेलं, उजवा हात मांडीवर दाबलेला, उजवा पाय ओढत तो लग्नाच्या मांडवातून चालत यायचा आणि सगळी बासुंदी वरबापाच्या पागोट्यावर ओतायचा. तो आचारी म्हणजे गहिनीनाथ.

त्या चालीवरच त्याचं पोट भरलं होतं. पुण्याच्या स्टुडिओत एकदा डायरेक्टरनं विचारलं, जरा वेगळं कोण चालून दाखवतो? गहिनीनाथ गर्दीतून पुढं आला आणि चालला. दिवे धरणारी माणसंसुद्धा हसली. पुढं तो लंगडा पोस्टमन झाला, लंगडा हवालदार झाला, लंगडा भटजी झाला. पडद्यावरच्या पाटीवर त्याचं नाव शेवटी यायचं, पण यायचं. मग स्टुडिओ बंद पडले, रंगीत सिनेमा आला. तरी आता, एकाहत्तर सालीसुद्धा, एसटी स्टँडवर लोक त्याला बघून पाय ओढून दाखवायचे. तो हसून नमस्कार करायचा आणि मान खाली घालून निघून जायचा.

चाल त्याची नव्हती. मनकर्णाआक्काची होती.

आई गेली तेव्हा त्याचं अंगावरचं दूध नुकतंच सुटलं होतं. थोरल्या बहिणीची, आक्काची, सोयरीक देवळाली प्रवऱ्याला ठरलेली होती. लग्न तोंडावर आलं आणि आक्का गोदावरीच्या घाटावर पाय घसरून पडली. हाडवैद्याला काही सापडलं नाही. नस आखडली असंल, म्हणाला. मुलाकडची माणसं आली, आक्काला अंगणात चालवून बघितलं आणि चहा न घेता परत गेली. आक्का माहेरीच राहिली. गहिनीनाथला तिनंच वाढवलं. आपली चाल कुणी बघत बसलेलं तिला खपायचं नाही. घरात एकटी असली की ती आतून कडी लावून घ्यायची.

सिनेमात काय करतोस, असं तिनं विचारलं की तो म्हणायचा, "दिवाणजीचं काम असतं." गावातल्या गड्यांनी कोपरगावला जाऊन बोलपट बघितला होता, पण तिच्यापुढं कुणी तोंड उघडलं नव्हतं. आता तंबूच गावात आला होता आणि आक्का सकाळपासून ठेवणीतलं लुगडं काढून बसली होती.

"माझी बहीण येनार हाय," गहिनीनाथ म्हणाला. "ती लंगडी हाय. उजव्या पायानं."

चांदभाईच्या हातातला दोर सैल झाला. "म्हंजी ती चाल..."

"व्हय."

"तोबा!" चांदभाई म्हणाला. मग त्यानं तंबूकडं बोट केलं. "बायका पडद्याच्या मागं बसत्यात, मास्तर. मागून समदं उलटं दिसतं. पाट्याबी उलट्या, पन वाचनार कोन? तुमचा उजवा पाय तिकडं डावा व्हतो. न्हाई वळखायच्या त्या."

गहिनीनाथला हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं याचीच जास्त लाज वाटली.

दिवेलागणीला आक्का शेजारच्या गोजरबाईच्या खांद्यावर हात ठेवून बायकांच्या बाजूला गेली. गहिनीनाथ आत गेला नाही. रसाच्या गाड्याजवळ बसून राहिला. तिसरं रीळ लागलं तसा पुरुषांच्या बाजूनं हशा उठला, मग बायकांच्या. त्यात एक हसणं त्याच्या चांगल्या ओळखीचं होतं. त्यानं उपरण्यानं कान झाकून घेतले.

सकाळी आक्कानं चुलीवर दूध ठेवलं आणि ओट्यावर येऊन बसली. गोजरबाई हंडा घेऊन पाण्याला निघाली होती, तीही टेकली.

"दिवानजी म्हनं!" आक्का म्हणाली. "आरं भाड्या, आचारी हायेस की तू."

"आक्का, ती चाल..."

"लई हसले बाबा. पोट दुखाया लागलं."

"राग न्हाई आला तुला?"

"राग कशाचा? जगात मी एकलीच लंगडी हाय व्हय? अन् त्यो तर डाव्या पायाचा हुता."

खरं सांगायचं त्याच्या ओठांवर आलं होतं, तेवढ्यात गोजरबाई म्हणाली, "आक्का, राती वाटंनं करून दावलंस, ते दाव की ह्याला!"

"जा गं, काय तरीच."

"दाव, दाव!"

आक्का उठली. गोजरबाईचा रिकामा हंडा तिनं खांद्यावर घेतला, डावा हात डाव्या मांडीवर दाबला आणि डावा पाय ओढत अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. तोच झोका, मानेचा तोच हिसका. पातेलं कलंडायच्या आधी क्षणभर थांबायचं, तेही जागच्या जागी. एवढं नेमकं गहिनीनाथला कधी जमलं नव्हतं. गोजरबाई पदर तोंडात कोंबून हसत होती. गहिनीनाथही हसला. त्या चालीवर तो आयुष्यात पहिल्यांदाच हसत होता.

"अगं बया, दूध!" आक्का ओरडली आणि खांद्यावरच्या हंड्यासकट वळली.

ओट्याला उंच पायऱ्या होत्या. डावा पाय तसाच ओढत, एरवी ओढायची तो उजवा पाय आधी टाकत, सगळा भार त्याच्यावर देत ती भराभर वर चढली.

गहिनीनाथचं हसू थांबलं.

उंबऱ्याशी आक्काही थांबली. तिनं खाली आपल्या पायांकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

आणि आतून कडी लागली.