पौर्णिमेची बरणी

पर्णिका स्वतःला विच म्हणवते. झाडू-बिडू नाही, पुस्तकं वाचून झालेली, आखातातल्या अल कुसैसच्या फ्लॅटमधली विच. ऑफिसातल्या सत्यजितने निदान कॉफीला तरी विचारावं, म्हणून तिने पुस्तकात बघून दालचिनी, लवंग, वेलची आणि गुलाबाच्या सुक्या पाकळ्या एका बरणीत भरल्या, वर मंत्र पुटपुटला आणि बरणी पौर्णिमेच्या चांदण्यात बाल्कनीत ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली, तेव्हा बरणी धुऊन ओट्यावर पालथी घातलेली होती आणि आई मटणाचा रस्सा ढवळत होती.

"आई, दॅट वॉज अ स्पेल."

"असेल बाई. मला वाटलं, गरम मसाल्याला ऊन दाखवतेयस."

बाबा जेवायला बसले. एरवी ताटावर त्यांना फक्त एसीचं बिल सुचतं. आज त्यांनी दोनदा रस्सा मागून घेतला आणि आईकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "कुमुद, चल, क्रीकवर जाऊन येऊ. अब्राच्या होडीत बसून किती वर्षं झाली आपल्याला."

आई साडी बदलून, अत्तर लावून निघाली. बाबा लिफ्टपाशी थांबले होते.

"खलास," पर्णिका दारात पुटपुटली. "माझा स्पेल बाबांना लागला."

चपला चढवता चढवता आई तिच्या कानाशी आली.

"पुस्तकात जायफळही सांगितलंय गं. तू विसरली होतीस, मी घातलं."