नजर खाली

उजवा बूट चकाकल्यावर उमरावांनी डावा पाय त्याच्या मांडीवर ठेवला आणि हातातल्या बिस्किटाचा चुरा त्याच्या डोक्यावर झटकला. तो मान खाली घालून बूट पुसत राहिला. खेळात तो बूटपुश्या होता, आणि बूटपुश्याने उच्च मंडळासमोर नजर वर करायची नाही, असा नियम होता. दोनदा चुकून वर पाहिल्याबद्दल पंचांनी त्याला ताकीद दिली होती. तिसऱ्यांदा पाहिलं की खेळातून हकालपट्टी.

एरवी तो वायरमन. उमराव म्हणजे चौकातला चष्मेवाला. दर रविवारी चाळीसेक माणसं या भाड्याच्या हॉलमध्ये जमत, दोनशे वर्षांपूर्वीचं एक शहर मांडत आणि संध्याकाळपर्यंत त्यात राहत. वरच्या लोकांचं उच्च मंडळ वेगळं, त्यांच्या खुर्च्या गालिच्यावर. बाकीच्यांनी गालिच्याच्या कडेला गुडघे टेकायचे.

या मंडळाची त्याला अगदी शिसारी यायची. चष्मेवाल्याच्या मोज्यांना आंबट वास मारायचा. सोनाराची बायको नाकाला रुमाल लावूनच बोलायची, जशी काही गरिबी वासानेच लागते. आणि हीच माणसं आठवडाभर दिव्याचं बटण दुरुस्त करून घेताना त्याच्याशी पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करायची. मेले कुठले उमराव!

चष्मेवाल्याचा फोन वाजला. "ए, फीत बांध," म्हणत त्याने हात पुढे केला. वायरमनने त्याच्या मनगटाला पिवळी फीत बांधली. फीत बांधली की माणूस खेळाबाहेर. तेव्हा बोलेल ते खरं, बाकी सगळं नाटक.

फोन आटोपून चष्मेवाला गोड आवाजात म्हणाला, "वायरमनदादा, दुकानातला पंखा फार घरघरतोय हो. उद्या येऊन जाल?"

"येतो की."

फीत सुटली. पाय पुन्हा मांडीवर आला. "ए, टाच राहिली!"

हे सगळं तो सहन करत होता ते बायकोसाठी. दोन वर्षांपूर्वी ती या खेळात मोलकरीण म्हणून आली आणि बघता बघता बाईसाहेब होऊन गालिच्यावर जाऊन बसली. आधी रविवार गेले, मग बैठका, मग तालमी. घरी ती असून नसल्यासारखी. म्हणून सहा महिन्यांपूर्वी त्यानेही नाव घातलं. निदान एका हॉलमध्ये तरी असू, एवढाच विचार.

आज त्याच्या अर्जाचा दिवस होता. मंडळातल्या कुणी 'मी या माणसाची हमी घेते' म्हटलं, की खालच्या माणसाला गालिच्यावर खुर्ची मिळायची. त्याच्या अर्जावर बोलायला तिचं नाव निघालं होतं. खुर्ची मिळाली की दर रविवारी तिच्या शेजारी बसायचं, हळूहळू तिला बोलतं करायचं, आणि एक दिवस दोघांनी मिळून या खेळाला रामराम ठोकायचा, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

आठवड्यात तीनदा ती म्हणाली होती, "मला तुझ्याशी बोलायचंय." अर्जाबद्दलच असणार. तिन्ही वेळा त्याने झुकून सलाम ठोकला, "जशी आज्ञा, बाईसाहेब" म्हटलं आणि हसत हसत पिशवी उचलून कामाला पळाला. आज सकाळी तर मेहुणीच्या गाडीत त्यानेच तिच्या दोन जड पेट्या चढवून दिल्या.

"खेळाचे कपडे एवढे?" त्याने विचारलं होतं.

"उसवलेत सगळे," ती म्हणाली होती.

"अर्जदार!" पंचांनी पुकारलं.

तो गुडघ्यांवर सरकत गालिच्याच्या कडेला गेला. मान खाली. समोर तिची पावलं आली. पायांत बक्कलवाले बूट नव्हते, घरातल्या साध्या चपला होत्या. आता हिचे गुण कापणार, त्याला वाटलं.

"या माणसाला मी चांगली ओळखते," ती म्हणाली. आवाज सपाट होता. "वाईट नाही तो. पण मी बोलायला गेले की थट्टा करतो. इतकी वर्षं थट्टाच करत आलाय. मला त्याची आता चीड नाही येत, किळस येते. यापुढे मला याच्यासोबत राहायचं नाही."

कपबश्यांचा आवाज थांबला. चष्मेवाल्याने खुर्चीखाली पाय ओढून घेतले. सोनाराच्या बायकोने कुणाला तरी हळूच "अगं बाई" म्हटलं.

क्षणभर त्याला ते खरंच वाटलं. पण लगेच त्याने स्वतःला सावरलं. पहिल्या अर्जाला नकार द्यायचाच असतो, तेवढाच मंडळाचा भाव वाढतो. आणि काय अभिनय करते बाई! सगळा हॉल चिडीचूप केला पठ्ठीने. घरी गेल्यावर कौतुक करायला हवं.

"तुला मान्य आहे का?" तिने विचारलं. "नीट सांग. सगळ्यांसमोर."

इथे अर्जदाराचं उत्तर ठरलेलं असतं. तिच्या तोडीस तोड उतरावं म्हणून त्याने छाती भरून श्वास घेतला आणि कपाळ थेट फरशीला टेकवलं.

"मान्य, अगदी मनापासून मान्य! जशी आज्ञा, बाईसाहेब."

कुणीच हसलं नाही.

"ऐकलंत ना सगळ्यांनी," ती म्हणाली.

पंचांनी घंटा वाजवली, पण नेहमीसारखी ठणठणीत नाही, एकदाच आणि हळू. खेळ संपला होता. आता वर पाहायला हरकत नव्हती. त्याने हसतच मान वर केली.

तिच्या मनगटावर पिवळी फीत होती, दोन गाठी मारून घट्ट बांधलेली.