रडका राउटर

बर्लिनमध्ये घस्सानचं कामच ते, घरोघरच्या राउटरमधला उशीर कमी करणं. पण जॉर्डनमधल्या इर्बिदहून व्हिडिओ कॉलवर आईचं उत्तर चार-चार सेकंद उशिराच यायचं. धाकटी बहीण रीम टोमणा मारायची, "जगाचे राउटर नीट करतोस, घरचा मात्र रडका!"

शेवटी त्यानं स्वतः सुधारलेला राउटर घरी पाठवला.

आज पडद्यावर आईची बोटं द्राक्षाच्या पानांत भात भरून सरसर गुंडाळत होती. चित्र कुठेच अडकत नव्हतं.

"यम्मा, कशी आहेस?"

बोटं चालूच. उत्तर नाही. शेजारी रीमनं मान खाली घातली.

मग आई हसली. "बरी आहे. मी घस्सानची आई. तू कोणाचा रे बाळा?"